विजनातील पाठ : सूत्र, शिवार आणि दार्ष्टांतिक

असन्निधानीच्या आचारधर्मात स्मरण, अटन, विजन व भिक्षा यांचा उल्लेख सदैव एकत्र होतो. पंथातील लहानसा विद्यार्थीही ही नावे न अडखळता सांगतो. शास्त्रपाठात बसलेला साधक सूत्र म्हणतो, त्याचे प्रकरण सांगतो, त्यावरील व्याख्याही मुखोद्गत म्हणून दाखवितो. परंतु त्याच साधकास, आज विजनात काय घडले, एवढाच साधा प्रश्न विचारला तर बहुधा तो निरुत्तर होतो. आपण विजनास गेलो, बसलो आणि परतलो, एवढेच त्याला सांगता येते. जाणे झाले, बसणे झाले, विधी पार पडला. पण त्या विधीने साधकाच्या अंतःकरणात काही उमटविले काय, हा प्रश्न तसाच उरतो.

हा दोष केवळ विद्यार्थ्याचा मानून भागणार नाही. अटनविजन हे विधी म्हणून शिकविले जातात. त्यांचा शास्त्राध्ययनाशी असलेला संबंध मात्र क्वचितच उलगडून दाखविला जातो. त्यामुळे पोथी एका बाजूस आणि शिवार दुसऱ्या बाजूस अशी फाटाफूट झाली आहे. प्रस्तुत पाठात ही फाटाफूट कशी सांधता येईल याचा विचार करावयाचा असून, उदाहरणादाखल वर्धा जिल्ह्यातील देवळी या गावाचे शिवार घेतले आहे. देवळी हे तालुक्याचे ठिकाण. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावर ते वसलेले आहे. भोवती काळी कपाशीची जमीन, जवळून वाहणारी यशोदा नदी, धुऱ्यांवर बाभळी व निंब, आणि गावाबाहेर पडताच शेतांमधून जाणाऱ्या पांदणी, असा हा प्रदेश आहे. येथे प्रेक्षणीय असे काही नाही, आणि याच कारणाने तो या पाठास विशेष योग्य आहे.

अटन व विजन यांचा अर्थ

अटन म्हणजे भ्रमण. परंतु प्रत्येक भ्रमण हे अटन होत नाही. व्यापारी फिरतो तो लाभासाठी, प्रवासी फिरतो तो कौतुकासाठी. साधकाचे अटन हे ग्राम, गृह, परिचय व मान यांचा संबंध तुटावा म्हणून असते. एका स्थळी दीर्घकाळ राहिल्याने माणसे ओळखीची होतात, ओळखीतून ममत्व येते आणि ममत्वातून पुन्हा तोच प्रपंच उभा राहतो, जो टाकून साधक निघालेला असतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपल्या अनुयायांस परिचित प्रदेशापासून दूर, वृक्षातळी काळ कंठण्याचा जो उपदेश केला, त्याचे मर्म हेच होय.

विजन म्हणजे जनरहित स्थान. गावाच्या गलबल्यापासून दूर, एकांतात बसून स्मरण करावे, असा हा विधी आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. विजन हे रम्य असावे अशी शास्त्राची अपेक्षा नाही. किंबहुना रम्यतेत मन गुंतले तर तोही विषयच झाला. फुललेला पळस पाहून मन तेथेच रमले, तर साधकाने घरातील विषय टाकून वनातील विषय घेतला, एवढाच काय तो फरक. म्हणून विजनाचा अर्थ निसर्गसौंदर्याचा आस्वाद असा करणे शास्त्रास धरून होणार नाही.

दोन पूर्वपक्ष

येथे पहिला पूर्वपक्ष असा उपस्थित होतो. ब्रह्मविद्या ही परमेश्वरनिरूपित आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांचे ज्ञान शास्त्रावाचून होत नाही. शेत, नदी, झाड हे सर्व प्रपंचातीलच. प्रपंच पाहून परमेश्वराचे ज्ञान कसे होणार? तेव्हा बाहेर जे दिसेल त्याकडे दुर्लक्ष करून केवळ पाठ दृढ करावा, हेच श्रेयस्कर होय.

दुसरा पूर्वपक्ष याच्या अगदी उलट आहे, आणि आजच्या काळी तो अधिक ऐकू येतो. निसर्ग हाच गुरू, अनुभव हेच शास्त्र; ज्याने उघड्या आभाळाखाली जीवन पाहिले त्यास पोथीचे काय प्रयोजन, असे त्याचे म्हणणे.

या दुसऱ्या मताच्या संदर्भात वर्धा जिल्ह्यातच घडलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे स्मरण करणे उचित होईल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. मुलांचे शिक्षण हस्तव्यवसायाभोवती गुंफावे, हा त्या योजनेचा गाभा होता. पुढे सेवाग्राम येथे आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने हिंदुस्थानी तालीमी संघाच्या द्वारे हे कार्य चालविले. तकलीवर सूत काततानाच मुलाने गणित शिकावे, कापूस कोठून येतो हे पाहताना भूगोल शिकावा, मळ्यात काम करताना जीवशास्त्र शिकावे, अशी ती रीत होती. मध्यंतरी खंड पडला तरी २००५ पासून सेवाग्राम येथे आनंद निकेतन या शाळेच्या रूपाने ती धारा पुन्हा वाहू लागली.

या प्रयोगाकडे नीट पाहिले तर त्यातही नुसत्या अनुभवास शिक्षण म्हटलेले नाही. सूत तर खेड्यातील पुष्कळ लोक कातीत होते. सूत काततानाच त्यामागील कारणे उलगडून दाखविणारा शिक्षक हे त्या योजनेचे वैशिष्ट्य होते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ साली अनुभव व शिक्षण यांच्या संबंधावर जो ग्रंथ लिहिला, त्यातही त्यांनी हाच इशारा दिला आहे. खरे शिक्षण अनुभवातून होते हे मान्य करूनही प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही, आणि काही अनुभव तर पुढील वाढच खुंटवितात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तात्पर्य, अनुभवाचे कैवार घेणारे जाणते पुरुषही अनुभवास स्वयंपूर्ण मानीत नाहीत. गुराखी जन्मभर रानात असतो. तेवढ्याने तो तत्त्ववेत्ता होत नाही. येथे दुसऱ्या पूर्वपक्षाचे निरसन होते.

पहिल्या पूर्वपक्षाचे उत्तर स्वामींच्या निरूपणपद्धतीतच आहे.

सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक

केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येक ठिकाणी आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक अशी मांडणी आढळते. सूत्र हे परमेश्वराचे वचन. दृष्टांत हा लोकव्यवहारातील प्रसंग. दार्ष्टांतिक म्हणजे त्या प्रसंगाचा सिद्धांताशी लावलेला संबंध. स्वामींनी दृष्टांत निवडले ते गावगाड्यातील माणसांचे, जनावरांचे व नित्याच्या व्यवहाराचे. ज्यांच्यासमोर निरूपण चालले होते त्यांनी ते सर्व आपल्या डोळ्यांनी पाहिलेले होते.

जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. ज्याच्या हातास पाय लागला त्याने हत्तीस खांबासारखे म्हटले, ज्याच्या हातास कान लागला त्याने सुपासारखे म्हटले. प्रत्येकाचा अनुभव खरा होता. त्याच्या हाताने त्यास फसविले नव्हते. तरीही प्रत्येकाचे ज्ञान अपुरे होते, कारण आपल्या हातास लागले तेवढेच सर्वस्व असे त्याने मानले. डोळस पुरुषाने सांगितल्यावाचून त्यांपैकी कोणासही संपूर्ण हत्ती कळणे शक्य नव्हते.

अनुभवाची योग्यता व अनुभवाची मर्यादा ही दोन्ही या एकाच दृष्टांतात आली आहेत. हातास जे लागले ते टाकून द्यावे असे शास्त्र सांगत नाही, आणि तेवढ्यावरच थांबावे असेही सांगत नाही. प्रपंच पाहून परमेश्वराचे ज्ञान होणार नाही, हे पहिल्या पूर्वपक्षाचे म्हणणे खरे आहे. परंतु परमेश्वराने सांगितलेले जीवाच्या ठायी कितपत उतरले, याची कसोटी प्रपंचात वावरतानाच लागते. बीज शास्त्राचे, ते रुजले की नाही हे पाहण्याचे ठिकाण अटनविजन होय. अशा रीतीने दोहोंचा विरोध मिटतो.

आणखी एक नियम येथे सांगणे अगत्याचे आहे. दृष्टांत हा एकदेशी असतो. ज्या अंशापुरता तो दिला तेवढाच अंश घ्यावयाचा. इतर अंश ताणले तर सिद्धांताची हानी होते. शिवारात दृष्टांत शोधू जाणाऱ्या साधकाने हा नियम कधीही विसरू नये. पुढील तीन पाठांत तो मुद्दाम पाळून दाखविला आहे.

पहिला पाठ : पहिला पाऊस

ज्येष्ठ मासी देवळीच्या शिवारात बसलेल्या साधकास समोर भेगाळलेली जमीन दिसते. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते व उन्हाने आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. जूनच्या ७-८ तारखेस मृग नक्षत्र लागते. आभाळ भरून येते, एखादी जोराची सर पडते, मातीचा सुगंध दरवळतो आणि सर्व शिवार भिजल्यासारखे वाटते. उतावळा शेतकरी लागलीच बियाणे टाकतो. परंतु ती सर वरचा थर ओला करते. उरलेले पाणी भेगांत नाहीसे होते. बी अंकुरते, चार दिवस ऊन पडते आणि कोवळा कोंब जळून जातो. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याचा खर्च, पुन्हा कर्ज. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ दरवर्षी देत असतात. जाणता शेतकरी मोजमाप न करताही मूठभर माती खणून पाहतो, ओल कोठवर गेली हे बोटांनी तपासतो आणि मगच तिफण काढतो.

याचे दार्ष्टांतिक असे. एखादे निरूपण ऐकून जीवास क्षणिक वैराग्य येते. डोळे भरून येतात, संसार नकोसा वाटतो. परंतु अंतःकरणास अनेक जन्मांच्या वासनांच्या भेगा असतात; ती एक सर त्यांत कोठच्या कोठे जिरून जाते. वरवरच्या ओलीवर विसंबून मोठमोठे नियम धरणारा साधक थोड्याच दिवसांत शुष्क होतो, आणि त्यानंतरची त्याची उदासीनता पूर्वीपेक्षा कठीण असते. म्हणून श्रवण एकदा करून थांबू नये. श्रवणामागून श्रवण, स्मरणामागून स्मरण असे होत भेगा बुजाव्या लागतात. आपली ओल कोठवर गेली हे साधकाने स्वतःच खणून पाहावे.

आता मर्यादा. शेतकऱ्यास मेघाची वाट पाहत थांबावे लागते, म्हणून साधकानेही वैराग्य पुरेसे होईपर्यंत अनुसरण पुढे ढकलावे काय? असा अर्थ कोणी काढील तर तो दृष्टांताचा दुरुपयोग होय. मेघ शेतकऱ्याच्या स्वाधीन नाही. श्रवण व स्मरण मात्र साधकाच्या स्वाधीन आहे. ज्याच्या हाती पाणी आहे त्याने पावसाची सबब सांगू नये.

दुसरा पाठ : डोमकळी

भाद्रपद-आश्विनात पऱ्हाटी फुलावर येते. पांदणीवरून पाहणाऱ्यास सर्व शेत एकसारखे हिरवे व भरघोस दिसते. परंतु शेतात उतरून झाडाजवळ गेले असता काही फुले उमललेलीच नाहीत असे आढळते. पाकळ्या एकमेकींस चिकटून कळी मिटलेलीच राहिलेली असते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतो. ती उकलून पाहिली तर आत गुलाबी बोंडअळी असते. पुढे बोंडात शिरलेल्या अळीचे तर बाहेर चिन्हही राहत नाही. आत शिरण्याचे सूक्ष्म छिद्र बुजून जाते, बोंड वरून निरोगी दिसते आणि वेचणीच्या वेळी आतील कापूस डागाळलेला व किडका निघतो.

भारतात २००२ साली बीटी कापसास मान्यता मिळाली. हे बियाणे असल्यावर बोंडअळीची चिंता नाही, अशी समजूत सर्वत्र झाली आणि शेतात उतरून पाहण्याची सवय पुष्कळ ठिकाणी सुटली. अळीने मात्र कालांतराने त्या बियाण्यास दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे फार मोठे नुकसान झाले. तेव्हापासून तज्ज्ञ सांगू लागले की, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ किंवा अधिक पतंग आढळले तर सावध व्हावे. शेतात फिरून २० हिरवी बोंडे तोडून ती फोडून पाहावीत, आणि त्यांत दोन जरी किडकी निघाली तरी धोक्याची पातळी गाठली असे समजावे. बोंड फोडल्यावाचून दुसरा उपाय नाही.

याचे दार्ष्टांतिक साधकाने स्वतःपुरते लावावे; दुसऱ्यास लावण्यासाठी ते नाही. वेष आहे, पाठ आहे, गुरुकुळ चांगले आहे, आम्नाय थोर आहे. एवढ्यावर निश्चिंत होणे म्हणजे बियाण्याच्या नावावर निश्चिंत होणे होय. विकार शिरतो तेव्हा त्याचे छिद्र बुजून जाते आणि वरून आचार तसाच टवटवीत दिसतो. पांदणीवरून पाहणारे लोक वाखाणीत राहतात. विजनाचा उपयोग येथे आहे. दिवसभरातील वीस कृती आठवाव्या आणि एकेक फोडून पाहावी: ही भिक्षा मागताना अमुक घरी पाऊल अधिक उत्साहाने का वळले, तो श्लोक म्हणताना कोणाकडे दृष्टी होती, ती सेवा करताना मनात कोणते फळ होते. वीसांत दोन किडक्या निघाल्या तरी ती किरकोळ बाब समजू नये. त्या दिवशीच गुरुजनांपाशी सांगून प्रायश्चित्त घ्यावे.

येथील मर्यादाही स्पष्ट आहे. शेतकरी अळीच्या नाशाचे उपाय योजतो, म्हणून भिक्षूने जीवमात्राविषयी तोच भाव धरावा असे नव्हे. दृष्टांत पाहण्याच्या अंशापुरता आहे. अहिंसा हा भिक्षूच्या आचाराचा प्राण असून त्याने नाश करावयाचा तो स्वतःच्या विकारांचा.

तिसरा पाठ : निंबाची सावली

एखादा साधक गावाबाहेरच्या धुऱ्यावर, निंबाखाली विजनास बसला असे समजा. पहिल्या दिवशी त्यास मुंग्या, काटे, दुरून येणारा बंडीचा आवाज या सर्वांचा त्रास वाटतो. दुसऱ्या दिवशी तो एक दगड सरकवून बसावयास जागा करतो. चौथ्या दिवशी ती जागा त्याच्या अंगवळणी पडते. स्मरणही तेथे बरे होते. आठव्या दिवशी तो येऊन पाहतो तो त्या दगडावर दुसराच कोणी बसलेला. त्या क्षणी मनात जी कळ उठते, ती त्याने निरखावी. घर सोडले, शेत सोडले, आप्त सोडले. आणि परक्याच्या धुऱ्यावरील परक्याच्या झाडाखालचा एक दगड आपला झाला!

हा पाठ कोणत्याही पोथीत वाचून जितका कळेल त्याहून अधिक त्या एका क्षणात कळतो. परंतु तो कळावयास ममत्व म्हणजे काय हे आधी शास्त्रातून ठाऊक असले पाहिजे. ज्यास ठाऊक नाही तो त्या दुसऱ्या मनुष्याशी भांडेल किंवा मनात कुढत दुसरे झाड शोधील. ज्यास ठाऊक आहे तो आपल्या ठिकाणी उठलेली कळ पाहून लज्जित होईल, आणि अटनाची आज्ञा का झाली हे त्यास उमगेल. विजन स्थैर्य देते. त्या स्थैर्यात ममत्वाचे बीज रुजू लागताच अटन ते उपटून टाकते. दोन्ही विधी एकत्र सांगण्याचे प्रयोजन येथे प्रत्ययास येते.

पूर्वाचार्यांचा आदर्श

लीळाचरित्राच्या एकांक या भागात स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा आहेत. त्यांतील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांस ज्ञात आहे. स्वामी वृक्षाखाली आसनस्थ असता कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत आला व त्यांच्या मांडीखाली दडला. पारध्यांनी तो मागितला. जो शरण आला तो कसा द्यावा, हा स्वामींचा भाव. पारध्यांनी शिकार सोडली आणि ससा मोकळा झाला. अहिंसेवर विस्ताराने प्रवचन करणे स्वामींस अशक्य नव्हते. परंतु पारध्यांस जो बोध झाला तो त्या धापा टाकणाऱ्या जीवाच्या सान्निध्यात, त्याच जागी झाला. प्रसंग समोर होता, वचन समोर होते आणि दोहोंचा संबंध जोडणारे सर्वज्ञ समोर होते.

म्हाइंभटांचा आदर्श तर अभ्यासकांनी नित्य डोळ्यांपुढे ठेवावा असा आहे. सराळ्याचे हे शास्त्रसंपन्न पंडित. लीळा संकलित करण्याचे कार्य हाती घेतल्यावर त्यांनी आपल्या पांडित्यावर विसंबून एका जागी बसून ग्रंथ रचला नाही. ज्यांनी स्वामींस पाहिले, ज्यांनी त्यांचे बोलणे ऐकले, त्यांच्याकडे ते स्वतः गेले. विचारले, ऐकले आणि नागदेवाचार्यांपाशी ते पडताळून घेतले. मराठीतील या आद्य गद्यग्रंथामागे पायांनी तुडविलेली वाट आहे. लीळाचरित्राच्या पोथ्यांत सांगणाऱ्यांच्या नावासह पाठभेद नोंदलेले आढळतात, त्यावरून सत्याविषयीची ही दक्षता पुढील पिढ्यांनीही कशी जपली हे दिसून येते. मुनिव्यासांनी स्थानपोथीत स्थानांची दिशा, ठेवण व परस्परांतील अंतर ज्या बारकाईने सांगितले, तीही प्रत्यक्ष पाहिल्यावाचून शक्य नव्हती. अटन, विचारणा व पडताळा यांची ही परंपरा पंथात सुरुवातीपासून आहे. ती कोठून उसनी आणावयाची नाही.

सांप्रतच्या अडचणी

परिस्थिती पालटली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. देवळीजवळून राष्ट्रीय महामार्ग जातो. २०२४ मध्ये वर्धा ते कळंब हा लोहमार्ग खुला होऊन देवळीस रेल्वेही आली. शेतांभोवती तारांची कुंपणे झाली, पुष्कळ पांदणी अरुंद झाल्या, रस्त्याकडेची जुनी झाडे तुटली. स्थानवंदनास वाहनातून जाणे सुलभ झाले आहे. एका दिवसात पाच-सहा स्थानांचे वंदन होते. वृद्ध व रुग्ण साधकांस ही सोय उपकारक आहे आणि तिची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु धडधाकट साधक स्थानाच्या दाराशी उतरतो, वंदन करतो आणि पुन्हा वाहनात बसतो, तेव्हा स्थान कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूस आहे, नदी कोठे आहे, स्वामी कोणत्या वाटेने आले असतील, यांपैकी काहीच त्याच्या ध्यानी राहत नाही. स्थानपोथी त्याच्यासाठी केवळ नावांची यादी होते.

यावर काही मध्यम मार्ग सुचविता येतात. अखेरचा एखादा कोस तरी पायी चालावा. त्या वाटेत बोलणे वर्ज्य करावे. विजनास जाताना शेतमालकाची अनुमती घ्यावी, आणि उभ्या पिकात किंवा साप-श्वापदाच्या आडरानात बसू नये. एकट्या तपस्विनीने दूर जाण्याऐवजी दोघी-तिघींनी एकत्र जावे आणि परस्परांपासून हाकेच्या अंतरावर बसावे. ज्यांस चालणे शक्य नाही त्यांनी मठाच्या अंगणातील झाडाखाली बसले तरी हरकत नाही, मात्र तेथे कोणी बोलावू नये एवढी व्यवस्था इतरांनी ठेवावी. विधीचा प्राण अंतरावर अवलंबून नाही, निवृत्तीवर आहे.

वासनिकांस हा पाठ अधिकच सोपा आहे. देवळी परिसरातील वासनिक पुष्कळ अंशी शेतीवर जगणारा. त्यास शिवार दाखविण्याची आवश्यकता नाही. तो तेथेच असतो. डवरणी करताना, वेचणीच्या वेळी, ओलिताची पाळी असताना रात्री, त्यास जो एकांत लाभतो तो पुष्कळ भिक्षूंसही दुर्लभ आहे. त्या एकांतात नामस्मरण करावे आणि पहाटे ऐकलेले एक वचन दिवसभरात कोठे लागू पडले हे सायंकाळी मुलांस सांगावे. मुलगा पाठ म्हणतो तेवढ्यावर समाधान न मानता, त्यास शेतात नेऊन डोमकळी उकलून दाखवावी आणि मग विचारावे, याचे दार्ष्टांतिक काय? त्याने चुकीचे सांगितले तरी चालेल. चूक दुरुस्त करता येते. न पाहिलेले मात्र दुरुस्तही करता येत नाही.

पाठाचा क्रम

ज्यांस हा अभ्यास आरंभावयाचा आहे त्यांनी पुढील क्रम ठेवावा. सकाळी एकच सूत्र घ्यावे व त्याचा प्रकरणार्थ गुरुजनांपासून समजून घ्यावा. ते मनी धरून विजनास जावे. आधी स्मरण करावे. दृष्टांत शोधण्याच्या नादात स्मरण राहून गेले तर मूळच गेले. स्मरणानंतर समोर जे दिसले, ऐकू आले, अथवा मनात जे उठले, त्यांतील एकच गोष्ट निवडावी. तिचा सूत्राशी कोणत्या अंशाने संबंध आहे ते ठरवावे, आणि कोणत्या अंशाने नाही तेही ठरवावे. सायंकाळी ते अधिकारी पुरुषापुढे ठेवावे. त्यांनी संबंध अयोग्य ठरविला तर तो निमूटपणे सोडून द्यावा. स्वतःस सुचलेला दृष्टांत हा स्वतःच्या अपत्यासारखा प्रिय वाटतो. त्याचा त्याग करता येणे हीही साधनाच होय.

मननार्थ तीन प्रश्न येथे दिले आहेत. पहिला: निंबाच्या सावलीच्या पाठात दृष्टांत कोणता व दार्ष्टांतिक कोणते, आणि त्या दृष्टांताचा कोणता अंश घेऊ नये? दुसरा: सशाच्या लीळेत शरणागती व रक्षण या दोहोंपैकी साधकाने आपल्या आचरणासाठी काय घ्यावे? तिसरा: आज विजनात काय घडले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पोथीत मिळणार नाही. ते ज्याचे त्याने, गुरुजनांस दंडवत करून, आपल्या तोंडाने सांगावयाचे आहे.